गोजरबाईच्या माळवदावर काय वाळत होतं

टेंभुर्णीत अजूनही एखादी म्हातारी आवाज खाली घेऊन सांगते, की गोजरबाईनं भानामती केली आणि घोड्यावरून आलेल्या सरकारी अमिनाला, म्हणजे निजामाच्या फौजदाराला, भरदिवसा, चार माणसांदेखत, माती खायला लावली. किती खाल्ली यावर मात्र एकमत नाही. गावात विचाराल तर घासभर. जाफराबादच्या वाटेला लागलात की पसाभर. आणि सरहद्द ओलांडून वऱ्हाडात उतरलात, तर अमिनानं पाटीभर माती खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्याला आणि ढेकर दिला, असं शपथेवर सांगणारे भेटतात. कोसागणिक घास वाढत गेले.

आता भानामती करणारी बाई म्हटली की डोळ्यांपुढं काय येतं ते आलं असेल. गोजरबाई तशी नव्हती. ठेंगणी, सावळी, बोलायला तिखट, हाताची बोटं चपटी आणि नखांत बारा महिने पांढरी माती. नवव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा तिचा धाकटा दीर कारभारी रांगत होता. सासू शेतावर जायची आणि रांगतं पोर या नव्या सुनेच्या हवाली करून जायची. सून स्वतःच पोर. तिला दुसरा काय खेळ येणार? तिनं अंगणात घागर उपडी केली, चिखल कालवला आणि दिराला मधोमध बसवून दिलं. संध्याकाळी सासू आली, तर पोर कुठं संपतंय आणि चिखल कुठं सुरू होतोय हे कळेना. तिनं सुनेच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. पण शेजारीण म्हणाली, “पोरगं दिवसभर रडलं न्हाई बरं का.” दुसऱ्या दिवशी शेतावर जाण्याआधी चिखलासाठीची घागर सासूनंच भरून ठेवली.

पुढं नवरा रखमाजी पटकीच्या साथीत गेला. मूलबाळ झालं नव्हतं. तिनं आता माहेरी जावं, असं सुचवणारे शहाणे गावात होतेच. कारभारी तेव्हा सतरा वर्षांचा. तो म्हणाला, “वैनी कुठं जायची न्हाई. वैनी गेली तं मीबी जातो.” कारभाऱ्याला बोलायचा फार कंटाळा. ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण, आणि ते त्यानं वहिनीसाठी केलं. गोजरबाई राहिली. दिराचं लग्न तिनं केलं, शेत त्यानं सांभाळलं.

घरी बसून ती चुली घालायची. गोजरबाईची चूल दहा वर्षं तडकत नाही असा लौकिक होता. पांढरी माती, भुसा, घोड्याची लीद, आणि ते सगळं तुडवायला गल्लीतली पोरं. दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंतची. कापूस वेचायला, खुरपायला जाणाऱ्या बाया सकाळी पोरं तिच्या अंगणात सोडून जायच्या. ती पोरांना काही शिकवायची नाही, गोष्ट सांगायची नाही, उगी उगी करायची नाही. पाण्याची घागर आणि मातीचा ढीग दाखवायची आणि आपल्या कामाला लागायची. पोरं त्यात लोळायची, एकमेकांच्या पाठीवर हाताचे ठसे उठवायची, विहिरी खोदायची आणि त्यात स्वतःच बसायची. उकिरड्याची माती आणायला तेवढी बंदी होती. आणि भाकरीआधी हात मनगटापर्यंत धुऊन तिच्या नाकाला लावून दाखवावे लागत. तिला वास आला, तर परत घागरीपाशी.

कुणी नाक मुरडलं, की ती म्हणायची, “पोरानं मातीत न्हाई खेळावं तं काय तिजोरीत खेळावं?”

तिच्या भिंतीला भिंत लावून सरकारी शाळेतले मास्तर भालचंद्र यांचं बिऱ्हाड होतं. त्यांची बायको सरोजिनी परभणीची, वकिलाच्या घरातली. तिचं धुणं दोरीवर असायचं तेव्हा गल्ली उजळायची. त्यांची एकुलती एक मुलगी रजनी, वय चार. रजनी परसदारानं सटकायची आणि गोजरबाईच्या चिखलात सापडायची. सरोजिनी भिंतीपलीकडून हाक मारायची.

“गोजरबाई, या मुलीला तुमच्याकडे येऊ देत जाऊ नका हो.”

“म्या कामून अडवू? पाय तिचे हायेत.”

“अहो, केसांच्या मुळापर्यंत चिखल असतो! दोन दोनदा न्हाऊ घालावं लागतं.”

“एकदाच घाला न् मास्तरीणबाई. दुसऱ्यांदा ती मातीतच न्हाती.”

“मातीनं पोरं आजारी पडतात.”

“माझा दीर बघा. मातीत बसला, मातीत वाढला. कधी शिंकला न्हाई.”

“शिंकत नाहीत आणि बोलतही नाहीत. तोंडात राहिली असेल.”

गोजरबाई यावर भिंतीआड तोंडाला पदर लावून हसली. पण सरोजिनीला ते कळू दिलं नाही. असला फायदा शेजारणीला देत नसतात.

सन अठ्ठेचाळीसची संक्रांत आली. घरोघर तीळ भाजले जाऊ लागले, आणि पोरांनी चिखलाचा तिळगूळ वळायला घेतला. बारा पोरं, आठ दिवस. प्रत्येक लाडू दोन्ही तळव्यांत गोल करायचा आणि वर अंगठा दाबून खळगा पाडायचा, तो तिळाचा. अंगणात ठेवले की शेळी तुडवायची, आणि लाडू फुटलेलं पोर असं रडायचं की सख्खं कुणी गेलं. म्हणून गोजरबाई रोज पाटी भरून लाडू माळवदावर नेऊन उन्हात मांडायची. बघता बघता दोनशेच्या वर झाले.

तेवढ्यात संक्रांतीच्या चार दिवस आधी रजनीनं हळदीकुंकवासाठी शिवलेला नवा परकर घालून चिखलात बैठक मारली. सरोजिनीचा धीर सुटला. तिनं मुलीला समोर उभं केलं आणि सांगितलं, “पुन्हा मातीला हात लावलास, तर जवान येईल. हात बघेल. मळलेले दिसले, की पोत्यात घालून घेऊन जाईल.”

त्या दिवसांत जवान, म्हणजे निजामाचा बंदूकवाला पोलीस, पोरांनाही ठाऊक होता. रजनीनं दोन्ही हात काखेत लपवले ते संध्याकाळपर्यंत काढले नाहीत. औषध गुणकारी आहे असं दिसताच समोरच्या द्वारकाबाईनं ते आपल्या नातवाला, भुजंगला, पाजलं. द्वारकाबाईनं एखादी गोष्ट केली, की ती सगळ्या गल्लीनं केल्यासारखीच. अंधार पडायच्या आत पोत्यात घालून नेणारा जवान घराघरांत पोचला.

दुसऱ्या दिवशी अंगणात चिखल होता आणि पोरं नव्हती. दारात बसवलेली दिसायची, तेल लावलेली, गप्प, हात मांडीवर उताणे. गोजरबाईनं स्वतः माती तुडवली. चूल घातली, ती वाकडी झाली. आयुष्यात पहिल्यांदा.

पण त्या पौषात खरी काळजी वेगळीच होती. टेंभुर्णी निजामाच्या राज्यात, मोगलाईत, आणि चार कोसांवर वऱ्हाड, तिकडं हिंदुस्थान सरकार. सरहद्दीपलीकडं चळवळीतल्या माणसांचे तळ पडले होते. मोगलाईतून पोरं रातोरात तिकडं निघून जायची, आणि इकडच्या नाक्यांवर हल्ले व्हायचे. संक्रांतीच्या आधी एका नाक्यावर कुणीतरी गोफणीनं मारा केला. शाळूवर बसलेली पाखरं हाकायला शेतकरी जी दोरीची गोफण फिरवतो तीच, आणि तिच्यात घालतात तेच मातीचे वाळके गुंडे. एका जवानाचा डोळा गेला. लगेच दवंडी झाली, की सरहद्दीच्या गावांत कुणी गुंडे करू नयेत, साठवू नयेत. सापडला तो सरळ औरंगाबादच्या जेलात. शेजारच्या गावचे दोघं असे गेले होते. पंधरा दिवस झाले तरी त्यांची खबर नव्हती. कारभाऱ्यानं काही न बोलता आपली गोफण खुंटीला अडकवली आणि तो मळ्यात रॉकेलचा डबा बडवून पाखरं उठवू लागला. दाणा भरत होता. पाखरांनी आठ दिवसांत वर्ष खाल्लं असतं. त्याची बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली.

एवढं सगळं असताना द्वारकाबाई विहिरीवर म्हणाली, “अगं बाई, आमच्या गोजरबाईच्या माळवदावर गुंडेच गुंडे! सरकारनं बघितलं तं?” तिनं नुसता चिमटा काढला होता. पण विहिरीवरचं बोलणं घागरीबरोबर घरोघर जातं. ते पोलीस पाटील रामरावांच्या घरी गेलं, आणि रामरावांना घाम फुटला. बाहेरून कळलं तर ‘पाटील झोपला होता काय?’ म्हणतील. त्यांनी स्वतःची मान वाचवायला जाफराबादेच्या ठाण्यावर निरोप धाडला.

किंक्रांतीच्या दिवशी, जेवणं उरकायच्या वेळेला, अमीन आला. घोड्यावर तो, मागं चार जवान, आणि सर्वांत मागं रामराव, धोतराचा सोगा हातात धरून, जणू योगायोगानं त्याच वाटेनं चाललेत.

गोजरबाई तेव्हा चिखलात गुडघाभर उभी होती. जवान जिन्यानं माळवदावर गेले आणि दोन पाट्या भरून खाली आले.

अमिनानं घोड्यावरून उतरून एक लाडू उचलला. वयानं पन्नाशीकडं झुकलेला माणूस, डोळे जागरणानं लाल. “ये क्या है?”

“पोरांचा तिळगूळ हाय, साहेब.”

जवान हसले. अमीन हसला नाही. त्यानं तो लाडू हातात तोलला आणि भिंतीवर मारला. लाडू फुटला नाही. भिंतीचाच पोपडा निघाला.

गोजरबाई त्या पोपड्याकडं बघत राहिली. ती चुलीची माती. भुसा, लीद, आणि वर आठ दिवसांचं ऊन. दहा वर्षं न तडकणारी. तिनंच कालवलेली.

“मेरा जवान, बाईस साल का,” अमीन शांतपणे म्हणाला. “एक आँख गई. वो भी तिळगूळ था?”

तेवढ्यात मळ्यातून कारभाऱ्याला आणलं. एका जवानानं घरातून खुंटीवरची गोफण आणून अमिनापुढं धरली.

“ये तुम्हारी?”

“हाय.”

“किसलिए?”

“पाखरांची.”

“और ये गुंडे? कहाँ भेजते? वऱ्हाड में?”

कारभारी गप्प. त्याला खोटं येत नव्हतं आणि खरंही चार शब्दांपलीकडं येत नव्हतं. गोजरबाईला हे ठाऊक होतं. अमिनाला कसं ठाऊक असणार? गप्प बसलेला माणूस त्याला गुन्हेगारच दिसला.

“साहेब,” गोजरबाई चिखलातून बाहेर आली, “त्याला काय ठावं न्हाई. तो दिवसभर मळ्यात. पोरं खेळतेत माझ्याकडं. बारा पोरं. त्यांनी केलेत. माझा गुन्हा आसंल तं मला न्या.”

“बच्चों ने बनाया?”

“बराबर. बिलकुल.”

“तो बुलाओ बच्चों को. बच्चे बोलेंगे.”

हे न्यायाचंच होतं. गोजरबाईच्या जिवात जीव आला. पोरं काय खोटं बोलतात? तिनंच रामरावांना घाई केली, “जा न् पाटील, बोलवा जल्दी.” रामराव दार दार ठोठावत फिरले. सहा घरांनी पोर झोपलंय म्हणून सांगितलं. पाच पोरं आली. नीट भांग पाडलेली, काजळ घातलेली, संक्रांतीची नवी झबली. मागं त्यांच्या आया आणि आज्या, अंगणाच्या कुडाबाहेर, तोंडं झाकून. सरोजिनी आपल्या दारातच उभी होती, रजनीचा हात घट्ट धरून.

अमिनानं भुजंगपुढं लाडू धरला. “ये तू बनाया?”

भुजंगनं जवानाच्या बंदुकीकडं पाहिलं. मग जवानाच्या खांद्यावर पोतं आहे का ते पाहिलं. आणि दोन्ही हात अमिनाच्या नाकासमोर उताणे धरले.

“माझे हात साफ हायेत! मी मातीला हात लावत न्हाई!”

“मीबी न्हाई!” दुसऱ्यानं हात पुढं केले. “आम्ही न्हाई खेळत!” पाचही जणांनी हात दाखवले. दहा हात, धुतलेले, गुलाबी. एवढे स्वच्छ हात टेंभुर्णीत त्याआधी कुणी पाहिले नव्हते.

गोजरबाईला कळलं. सगळं एकदम कळलं. “साहेब, त्यांना भ्या घातलंय. मातीत खेळलं तं जवान पोत्यात घालून नेतो म्हणून सांगितलंय. म्हणून असं म्हणून राह्यलेत.”

“किसने बोला?”

तिनं कुडाबाहेर पाहिलं. “द्वारकाबाई, सांग बाई. तूच तुझ्या नातवाला म्हणलीस न्?”

आता बघा, सरकारच्या जवानाचं नाव घेऊन आम्ही पोरं भेडसावतो, हे त्याच जवानाच्या बंदुकीसमोर कोण कबूल करणार? एरवी जिचं तोंड विहिरीवर दोराबरोबर चालायचं, ती द्वारकाबाई खाली बघत म्हणाली, “मला काय ठावं न्हाई, माय.” बाकीच्या बायांचे पदर आणखी दोन बोटं खाली आले.

गोजरबाई परत चिखलात उतरली. खाली बसली, मूठभर चिखल घेतला आणि भुजंगला म्हणाली, “ये रे माझ्या राजा. रोजच्यावानी. विहीर खंदू आपण. ये.” तिचा आवाज गोड निघत नव्हता, आणि गोड आवाजाची पोरांना तिच्याकडून सवयही नव्हती. भुजंग एक पाऊल मागं गेला, मग भोकाड पसरून आजीच्या लुगड्यात शिरला. बाकीची चारही रडायला लागली.

अमिनानं जवानांना मानेनं खूण केली. एका जवानानं कारभाऱ्याचे हात पुढं घेऊन दोर बांधला. दोर बांधून होईपर्यंत कारभारी गाठीकडं बघत होता. मग त्यानं वर पाहिलं.

“वैनी, शाळूवर पाखरं बसतील. डबा बडवा.”

गोजरबाईला ओरडायचं होतं. रांगताना तिनं चिखलात घातले होते ते हेच हात, आणि आता चिखलानंच ते बांधले. तिनं फक्त मान वळवली, आणि तिची नजर भिंतीपलीकडच्या दारात उभ्या असलेल्या सरोजिनीवर गेली. गोजरबाई काही मागत नव्हती. मागायचं तरी काय? मास्तरांचा पगार सरकारी. अमिनानं एक ओळ लिहिली, तर उद्या बिऱ्हाड रस्त्यावर.

सरोजिनी दारातून निघाली.

ती कुडाच्या फाटकातून आत आली, रजनीला घेऊन, बायांच्या मधून, आणि अमिनापासून चार हातांवर थांबली. तिचा शब्द एकही चुकला नाही.

“साहेब, ते मी सांगितलं होतं.”

“क्या?”

“जवान पोत्यात घालून नेतो, हे. सगळ्यात आधी मी माझ्या मुलीला सांगितलं. खोटं सांगितलं. मुलं त्यामुळं घाबरली आहेत.”

जवानांनी एकमेकांकडं पाहिलं. अमिनाच्या कपाळावर आठी चढली. “हमारे नाम से बच्चों को डराते?”

“हो.”

“तुम्हारे घरवाले क्या करते?”

इथं तिला काहीही सांगता आलं असतं. रामराव लगेच आकाशाकडं बघू लागले.

“सरकारी शाळेत मास्तर आहेत,” सरोजिनी म्हणाली.

मग तिनं ते केलं जे टेंभुर्णीनं कधी पाहिलं नव्हतं. पदर खोचला, चिखलाच्या काठाशी उकिडवी बसली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले. बांगड्यांसकट. लिदीचा चिखल तो. तिनं नाक मुरडलं नाही.

“रजनी, बघ. काही होत नाही.”

रजनी बघत राहिली. आईचे हात, मग अमिनाचे बूट, मग परत आईचे हात.

“आई, तुला पोत्यात घालणार?”

“नाही.”

“मग मला?”

“कुणालाच नाही. मी खोटं बोलले होते.”

सरोजिनीनं चिखलाचा गोळा वळायला घेतला. आयुष्यात कधी वळला नव्हता. तिळाचा लाडू ती सुरेख वळायची, पण चिखल बोटांतून निसटत होता. कसाबसा एक चपटा, ओघळलेला प्रकार झाला. तिनं दुसरा केला. तो पहिल्याहून वाईट. अंगणात कुणी हलत नव्हतं. घोड्यानं पाय आपटला. आता बोललो तर बिघडेल, एवढं गोजरबाईला समजत होतं. चाळीस वर्षं पोरांना तिनं कधी ‘खेळा’ म्हटलं नव्हतं. ती नुसती बाजूला सरायची. आताही ती हळूच चार पावलं मागं सरली, आणि भिंतीला टेकली.

रजनीच्या भुवया जवळ आल्या.

“असा नाही गं करायचा,” ती वैतागून म्हणाली. “तुझा चपटा झाला. दे इकडे.”

ती परकरासकट चिखलात बसली. चिखल चाचपला, त्यातला खडा काढून फेकला, आणि दोन्ही तळव्यांत गोल, अगदी गोल लाडू फिरवला. वर अंगठा दाबला. “हे तिळाचं,” तिनं आईला शिकवलं आणि पुढचा घेतला.

कुडाकडून हुंदके देत देत आवाज आला, “तुझा लहान हाय. माझा मोठा आस्तो.” भुजंग आजीच्या लुगड्यातून बाहेर आला होता. नाक पुसत तो चिखलात उतरला. मग बाकीचे. थोड्या वेळानं झोपलेली सहा पोरंही जागी होऊन आली, ती कुणी न बोलावता.

अमिनानं पाटीतला एक वाळका लाडू घेतला आणि त्याच्या खळग्यात आपला अंगठा घालून पाहिला. नखाची कड तेवढी गेली. त्यानं रजनीला लाडू दाखवला. तिनं न विचारताच आपला अंगठा त्यात ठेवला. बरोबर बसला. त्यानं दुसरा काढला, तिसरा काढला. पाटी उपसून तळाचे पाहिले. सगळ्यांवर तोच चिमुकला खळगा.

“साहब, फिर भी गोफन तो मिली,” एक जवान म्हणाला.

अमिनानं गोफण हातात घेतली. गोजरबाईची नजर त्या जवानाच्या हातातल्या दोराच्या टोकावर खिळली होती. अमीन हो म्हणाला तर कारभारी गेला. एका शब्दावर होतं सगळं.

तेवढ्यात रजनी उठली. ओला, ताजा लाडू दोन्ही हातांत धरून ती अमिनासमोर गेली, आणि आदल्या दिवशी गावभर ज्याला त्याला म्हणत होती तेच म्हणाली:

“तिळगूळ घ्या, गोड बोला.”

सरोजिनीचे हात चिखलात तसेच थिजले. अमिनानं खाली वाकून लाडू घेतला. त्याचा हात तोंडाशी गेला, आणि तोंड हललं. कुडाबाहेरून द्वारकाबाईला पाठमोऱ्या जवानांच्या मधून एवढंच दिसलं. तिला तेवढं पुरलं.

“खोलो,” अमीन म्हणाला.

दोर सुटला. गोफण जप्त झाली. संध्याकाळपर्यंत सगळे गोळे पाण्यात गेले पाहिजेत, असा हुकूम झाला आणि घोडा वळला. रामराव पुन्हा मागं मागं गेले, आता जरा छाती काढून.

दोनशे वाळके लाडू पाण्यात टाकायचे म्हणजे बारा पोरांची दिवाळीच. हौदात एकेक गोळा बुडबुडे सोडत विरघळायचा आणि ती आरोळी ठोकायची. त्यात भिजून, मळून, ओळखू न येणारी झाली. कारभारी मनगटं चोळत थोडा वेळ त्यांच्याकडं बघत उभा राहिला, मग म्हणाला, “पाखरं,” आणि डबा घेऊन मळ्याकडं गेला. गोजरबाई मात्र तिथंच मटकन बसली आणि बराच वेळ उठली नाही. सरोजिनी घागरीवर हात धूत होती. गोजरबाई तिला म्हणाली, “नाकाला लावून दाखवा.” सरोजिनीनं दाखवले. गोजरबाईनं वास घेतला आणि त्या हातांवर डोकं टेकून रडली.

मास्तरांनी महिनाभर बदलीच्या कागदाची वाट बघितली. कागद आला नाही. त्या वर्षी भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, मोगलाई संपली, अमीन कुठं गेला कुणास ठाऊक. कारभाऱ्याच्या बायकोनं मुलगी आणली. सहाव्या महिन्यात गोजरबाईनं तिला चिखलात बसवलं. रजनीला सरोजिनीनं एक जुना परकर वेगळा काढून दिला आणि न्हाऊ घालणं एकावर आणलं.

भानामतीची कुजबुज द्वारकाबाईनं त्याच संध्याकाळी सुरू केली. बाई चिखलाकडं पाहत काहीतरी पुटपुटली, चार पावलं मागं सरली, आणि अमीन माती खायला लागला. आम्ही डोळ्यांनी बघितलं. पुढं लांबलांबून लोक गोजरबाईकडं उतारा मागायला यायचे. ती त्यांना हाकलून द्यायची, पण बोललेलं कधी खोडून काढलं नाही. कामून काढावं? भानामतीवालीच्या अंगणातल्या चिखलाला नाव ठेवायची मग कुणाची छाती होईना. पुढची पंधरा वर्षं, ती मरेपर्यंत, पोरं तिथं निवांत लोळली.

खरं एवढंच आहे. भानामती झाली नव्हती. अमिनानं माती खाल्ली नाही. चार वर्षांच्या मुलीनं दिलेला मातीचा लाडू त्यानं ओठांजवळ नेला, खाल्ल्यासारखं तोंड हलवलं, आणि लाडू खिशात टाकला.